सामन्याआधी दुधाचा एक घोट

एप्रिल लागला की दोहात गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देतं आणि मी कपाटातून लोकरीचे मोजे बाहेर काढते. बिन महमूद भागातल्या आमच्या इमारतीतल्या बायका लिफ्टमध्ये माझ्या हातातलं जाडजूड जाकीट बघतात आणि विचारतात, कुठे, लंडनला? मी म्हणते, नाही, मॉलमध्ये. बाहेर अंगाची लाही होत असते आणि माझा हिवाळा सुरू होतो. असतो आठवडाभराचाच, पण तेवढ्यात वर्षभराचं रक्त बघून होतं.

मी दातांच्या दवाखान्यात नर्स आहे. मॉलच्या पोटात एक बर्फाचं मैदान आहे. दर वर्षी तिथे देशोदेशीचे संघ आइस हॉकी खेळायला येतात आणि मैदानाच्या कडेला टेबल टाकून दातांची एक नर्स बसवायची, अशी आयोजकांची पद्धत आहे. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी विचारलं, कोण जाईल? बाकीच्या दोघी जमिनीकडे बघत राहिल्या. मी हात वर केला. वाटलं, गारव्याला बसायला मिळेल. तेव्हापासून ते टेबल माझं. त्यावर कापसाचे बोळे, सलाईन, बॅटरी आणि स्टीलचा एक पेला. टेबलाखाली थंड पेटीत दुधाची बाटली. उखडलेला दात पाण्यात टाकला तर मरतो, दुधात टाकला तर तासभर तग धरतो. तेवढ्या वेळात तो पुन्हा हिरडीत बसवता येतो.

पहिल्याच सामन्यात, पहिल्या दहा मिनिटांत, गॅस कंपनीतला एक इंजिनिअर आणि एक वैमानिक एकमेकांवर धावून गेले. आधी काठ्या टाकल्या, मग हातमोजे. मग एकाने दुसऱ्याचा शर्ट पाठीवरून वर ओढून त्याचं तोंड कापडात कोंडलं आणि त्या कापडावर ठोसे मारायला लागला. पांढरा शर्ट आतून लाल होत गेला. दोन्ही पंच जरा लांब उभे होते, पावसात छत्री उघडायची का नाही ते ठरवणाऱ्या माणसांसारखे. काचेपलीकडे एक बाई बाळाला आइस्क्रीम भरवत होती, तिचा चमचा हवेतच राहिला. मी उभी राहिले होते. मला वाटलं, भीतीने उभी राहिले असेन. मग लक्षात आलं की माझ्या मुठी वळलेल्या आहेत आणि मी मनात म्हणतेय, अजून एक हाण.

हे सांगायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. माझ्या नाकावर लहानपणापासूनच राग. गावच्या विहिरीवर नंबरावरून मी एका मुलीचं डोकं कळशीने फोडलं होतं. अम्मीने मला, तिच्या नसीला, बदडलं आणि माझी मोठी बहीण, आपा, ती मध्ये पडली. मधल्या मध्ये तिनेच जास्त मार खाल्ला. मार देणं, मार खाणं, मार अडवणं ही तिन्ही कामं आमच्या घरात बायकाच करायच्या. म्हणून असेल, पण बर्फावर माणसं भिडली की मला परकं वाटत नाही. भरून आलेलं एकदा मोकळं झालं असंच वाटतं.

या स्पर्धेचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. कुठल्या वर्षी कुणी कप नेला ते आयोजकांनाही धड सांगता येत नाही. मला मात्र सगळी वर्षं आठवतात, कारण मी ती दातांनी ओळखते. पहिली दोन वर्षं पुढच्या दातांची. तेव्हा चारच संघ होते आणि सगळे इथलेच नोकरदार. कॅनडाचे इंजिनिअर, रशियाचे वैमानिक, शाळांमधले मास्तर. आठवडाभर एकमेकांशी ऑफिसात गोड बोलणारे लोक इथे येऊन एकमेकांच्या बरगड्या मोडायचे आणि रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, पुन्हा कामावर हजर. मग फिनलंडचा संघ यायला लागला ते सुळ्यांचं वर्ष. ती माणसं मारताना आवाज करत नसत. त्यांच्यातल्या एकाने आपला तुटलेला सुळा स्वतःच बर्फावरून उचलून माझ्या पेल्यात टाकला, मान लववून शुक्रन म्हणाला आणि परत खेळायला गेला. मग एका वर्षी शेजारच्या देशांच्या सरहद्दी बंद झाल्या. त्यांचे संघ आले नाहीत. त्या वर्षी इथलेच संघ आपापसात इतके चिडून खेळले की एकाचा जबडाच निखळला. मग साथीचा रोग आला आणि बर्फ वितळवून टाकला. ओल्या सिमेंटचं रिकामं मैदान मी एकदा काचेतून पाहिलं. वाईट वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू?

बर्फ पुन्हा गोठला तेव्हा त्यावर कतारी तरुण होते, आणि बायकांचे संघही. आता बायकांच्या सामन्याला गर्दी जास्त असते. लोकांना वाटतं, बायका काय मारामारी करणार? त्यांनी आमची विहीर बघितलेली नाही.

बर्फावरून फिरणारं मशीन चालवतो तो गंगाधर, बीडकडचा. बायको-पोरं गावाकडे, हा इथे एकटा, वर्षाचे बाराही महिने थंडीत. मशीनने बर्फ गुळगुळीत होतो, पण रक्त जात नाही. ते आधी पत्र्याच्या खुरप्याने खरवडावं लागतं, नाहीतर गुलाबी डाग खाली गोठून बसतो. मध्यंतरात तो गुडघ्यावर बसून खरवडतो आणि बादली घेऊन माझ्या टेबलाशी येतो.

"सिस्टर, आज लई रगत हाय," तो म्हणतो. "आमच्याकडं एवढं जत्रंत बोकडाचं बी निघत न्हाई."

"तुला किळस येत नाही का रे?"

"यायची आधी. आता डाग राहिला तर येती."

त्याचं मला पटतं. मार बसला, रक्त आलं, ठीक आहे. डाग खाली गोठून राहिला की पंचाईत.

या खेळाचा एक रिवाज मला फार आवडतो. भांडण झालं की दोघांनाही काचेच्या खोपटात, बाकावर नेऊन बसवतात. पाच मिनिटं. घड्याळ लावतात. पाच मिनिटं झाली की दार उघडतं आणि माणूस पुन्हा खेळात. मोठ्या स्पर्धांमध्ये म्हणे सरळ घरी पाठवतात, पण आमच्याकडे पहिल्या वर्षापासून पाच मिनिटांचाच रिवाज पडला आहे. शेवटच्या दिवशी दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकमेकांशी हात मिळवतात. ज्याचा दात माझ्या पेल्यात आहे तो, ज्याने तो पाडला त्याच्याशी हात मिळवतो. माफी वगैरे कुणी मागत नाही. हात मिळवला, खलास. मी दर वर्षी ते बघते आणि दर वर्षी मला रडू येतं. गंगाधरला वाटतं, मला सर्दी झाली.

आणि माझा स्वतःचा एक रिवाज आहे. सामना सुरू होण्याआधी मी पेटीतली बाटली उघडते आणि दुधाचा एक घोट घेते. खेळाडू हसतात. एक कॅनडावाला तर म्हणाला, सिस्टर, आमच्या दातांचं दूध तूच पिऊन टाकतेस. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं उलटं झालं. माझं तोंड ताकाने भाजलं, म्हणून मी दूध चाखून बघते.

आठ वर्षांपूर्वी याच आठवड्यात अम्मी गेली.

ती आजारी होती हे आम्हां दोघी बहिणींना माहीत होतं. आपा मदिनत खलीफाला राहते, माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटं. ती म्हणाली, चल, दोघी जाऊ. मी म्हणाले, तू पुढे हो, माझी स्पर्धा आहे, आठवडा संपला की येते. रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितलीच नाही. मला वाटलं, अम्मी आठवडाभर थांबेल. ती तीन दिवस थांबली. दफन त्याच दिवशी झालं. मी त्या दुपारी टेबलामागे बसून एका गोलरक्षकाच्या ओठात कापूस दाबत होते.

अम्मीचा चाळिसावा दिवस करून आपा परत आली आणि विमानतळावरून मुलीला, सनाला, घेऊन थेट माझ्याकडे आली. अम्मीची शाल तिने माझ्या ओट्यावर ठेवली. मी कुकर उघडत होते. भाताची वाफ होती. मी काहीतरी बोलले, बहुतेक, बस, चहा करते. आपाने वर बघितलं नाही.

"अम्मी तीन दिवस दाराकडं बघत होती," ती म्हणाली. "मी तिला काय सांगू? तुज्या नसीला तुज्यापेक्षा त्या गोऱ्यांचं दात प्यारं हायत, ह्या सांगू?"

वाक्य खरं होतं. खोटं असतं तर मी भांडले असते. खरं होतं म्हणून माझ्या हातातलं कुकरचं झाकण फिरलं. पूर्ण जोर लावून, कडेने, तोंडावर. आवाज झाला तो बारीक होता. आपा खाली बसली. तिच्या हनुवटीवरून रक्त पदरावर आलं, आणि वरचा पुढचा एक दात शेगडीखाली जाऊन पडला. अकरा वर्षांची सना दारात उभी होती. ती रडलीही नाही, नुसती बघत होती.

त्यानंतरचं मी नर्ससारखं केलं, म्हणजे विचार न करता. दात वरून धरला, मुळाला हात लावला नाही. पाण्याखाली क्षणभर धरला. फ्रिज उघडला, बाटली काढली, स्टीलच्या पेल्यात ओतली, दात आत टाकला. आपाला गाडीत बसवलं. पेला तिने दोन गुडघ्यांमध्ये घट्ट धरला होता. फरीज बिन ओमरानच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने पेल्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी चिमट्याने दात काढला, वास घेतला आणि विचारलं, हे लबानमध्ये कुणी ठेवलं?

लबान म्हणजे इथलं ताक. इथे दूध आणि लबान एकाच कंपनीचं, एकाच आकाराच्या बाटलीत मिळतं, फरक काय तो झाकणाच्या रंगाचा. इथे राहणाऱ्या प्रत्येक बाईने एकदा तरी चहात लबान ओतून अख्खं पातेलं नासवलं आहे. पण आंबट ताकात दाताचं मूळ टिकत नाही. डॉक्टरांनी तो बसवून बघितला. तीन आठवड्यांनी तो आपाच्या हातात आला.

"दुसरी कोन असती तर मी चूक म्हनली असती," ती मला फोनवर म्हणाली. "तू नर्स हायस. तुज्या हातनं ही चूक नाय होत. तू केलंस ह्या." आणि फोन ठेवला.

मी मारलं हे तिने पचवलं असतं. आमच्या घरात मार पचायचा. पण मारल्यावर पुन्हा थंड डोक्याने तिचा दात मी मारला, असं तिला वाटत होतं. आठ वर्षं आम्ही लग्नाकार्यात, ईदला भेटतो. ती माझ्या डोक्यावरून पलीकडच्या बाईशी बोलते. पुढच्या दाताच्या जागी तिने खोट्या दाताचा पूल बसवला आहे, दुसऱ्या दवाखान्यात. हसताना ती अजून ओठ मिटून घेते.

सगळ्यांत वाईट हे की माझी मलाच खात्री वाटत नव्हती. त्या क्षणी माझा राग उतरलेला नव्हता. हाताने लबानची बाटली उचलली ती न बघता, का बघून? झाकण कुठल्या रंगाचं होतं ते आठवायचा मी किती वेळा प्रयत्न केला. काचेच्या खोपटातल्या माणसांकडे बघून मला हेवा वाटायचा. त्यांचं घड्याळ चालू असायचं. माझं कुणी लावलंच नव्हतं.

या वर्षी स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात सनाचा फोन आला. सना आता एकोणीस वर्षांची आहे आणि इथल्या बायकांच्या संघात बचाव फळीत खेळते. आई जिच्याशी बोलत नाही त्या मावशीशी ती पहिल्यापासून बोलते, आईला विचारतं कोण.

"खाला, ममा इज कमिंग टू माय मॅच."

"इकडे? मी असते माहीत आहे ना तिला?"

"शी नोज. प्लीज बी नॉर्मल, ओके?"

नॉर्मल म्हणे. सामन्याच्या दिवशी मी दोन जोड मोजे घालून बसले. दुधाचा घोट घेतला, दूध होतं. आपा वरच्या रांगेत बसली, शाल गुंडाळून. शाल अम्मीची होती, त्या दिवशी माझ्या ओट्यावरून परत गेलेली. मी मान हलवली. तिने बर्फाकडे बघितलं.

सामना पहिल्यापासूनच वाकडा चालला. पाहुण्या संघाची एक उंच मुलगी सनाला सारखी मैदानाच्या कडेच्या फळीवर आपटत होती. पहिल्यांदा आपटली तेव्हा टेबलावरचा पेला हलला. दुसऱ्यांदा सनाच्या पायांवर मागून काठी बसली. पंचांनी बघितलं नाही, मी बघितलं. शेवटच्या भागात तिसऱ्यांदा तेच झालं आणि सना उठली ती काठी टाकूनच. हातमोजे गेले. उंच मुलीने सनाचं हेल्मेट उपटून फेकलं, सनाने तिचं. मग सनाने डाव्या हाताने तिची मान खाली दाबली आणि उजव्या हाताने खालून वर एक, दोन, तीन. तिसऱ्याला तो बारीक आवाज आला. मॉलमधल्या एवढ्या कल्लोळात मला तो ऐकू आला, कारण मी तो आधी ऐकला होता.

या वेळी माझ्या मुठी वळल्या नाहीत.

सनाला ओढत खोपटात नेऊन बसवलं, अगदी माझ्या टेबलाला लागून. तिची बोटं फाटली होती. घड्याळ लागलं. त्या मुलीला धरून माझ्याकडे आणलं. तोंड रक्ताने भरलेलं, बोलायला बघत होती आणि फेस येत होता. गंगाधरने बर्फावरून दात शोधला आणि हातमोज्याच्या टोकावर धरून आणून दिला. मी तो वरून धरला, सलाईनने धुतला, पेला पुढे ओढला, टेबलाखाली हात घालून बाटली काढली. आणि माझा हात तिथेच थांबला. झाकण दिसत होतं, पण त्याचा रंग काय सांगतो ते डोक्यात शिरेना. मी मनाशी म्हणाले, मगाशीच चाखलंय, ओत. झाकण उघडून बाटली मी पेल्यावर वाकवली.

"थांब."

आपा होती. लेकीसाठी जिना उतरून धावत आली होती आणि लेकीकडे न जाता माझ्या टेबलाशी उभी होती. तिने बाटली माझ्या हातातून काढून घेतली, तोंडाला लावली, एक घोट घेतला. तिचं तोंड वाकडं झालं.

"लबान हाय गो ह्या," ती म्हणाली.

"माझी हाय ती, सिस्टर," गंगाधर मागून म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "जेवणाला आणली व्हती. मघा मध्यंतरात म्याच ठिवली तुमच्या पेटीत, गार राहील म्हणून."

आपा वाकली, पेटीतून दुसरी बाटली काढली, तीही चाखली, आणि पेल्यात ओतली. मी दात सोडला. दुधात रक्ताची एक रेघ गेली. रुग्णवाहिकेतला माणूस पेला आणि त्या मुलीला घेऊन दवाखान्याकडे गेला. यल्ला, यल्ला, म्हणत लोकांनी वाट करून दिली.

मग मी लबानची बाटली उचलली आणि तिचं झाकण डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. आपा माझ्या हातांकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे तिने आठ वर्षांत बघितलं नव्हतं, तिथे ती नंतर पोचली.

"तू खरंच चुकतंस गो," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, हे वाक्य ऐकलं की मी सुटेन. सुटले, अर्धी. बाकीची अर्धी मीच बोलले, कारण ती न बोलता राहिली असती तर पुन्हा खाली गोठून बसली असती.

"बाटलीत चुकले आपा. झाकण मात्र चुकून मारलं नव्हतं."

"ता म्हायती हाय माला," ती म्हणाली. "माला लागला होता."

काचेच्या आतून सना आमच्याकडे बघत होती, फाटलेली मूठ तोंडाशी धरून, अगदी त्या दिवशी दारात उभी होती तशी. घड्याळात तिची अजून दोन मिनिटं उरली होती. आपाने माझी खुर्ची ओढली आणि बसली. दुधाच्या बाटलीचं झाकण फिरवून घट्ट लावलं, आणि सामना संपेपर्यंत ती बाटली मांडीवर धरून ठेवली.